सैल ठेवायची विद्या

मी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली नळकाम शिकलो, त्यांचा एकच मंत्र होता : आवळ. युनियन आवळ, क्लॅम्प आवळ, नट आवळ. हाताने जमेल तेवढं आवळून झालं की पान्ह्याने आणखी अर्धा आटा. पाण्याला केसाएवढी फट पुरते, असं ते म्हणायचे, आणि एखादा जॉइंट दुसऱ्या दिवशी झिरपला तर सगळ्या पोरांसमोर उद्धार करायचे. पुण्यात या धंद्याला मला तीस वर्षं झाली. पहिली वीस वर्षं मी त्या मंत्रावर काढली आणि पोट भरलं. त्यानंतर कोथरूडच्या एका सोसायटीत एका शॉवरपायी मला उलटा धडा घ्यावा लागला. काही गोष्टी सैल ठेवायच्या असतात, आणि नेमकं किती सैल हे ठरवणं आवळण्यापेक्षा अवघड असतं.

सोसायटी जुनी, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट. एकात आयटीत काम करणारा एक तरुण आणि त्याची बायको, दुसऱ्यात एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. मी त्यांना आजीच म्हणायचो. तरुणाने बाथरूम नव्याने करून घेतली होती. छताला चौकोनी, ताटाएवढा मोठा शॉवर. कॉक उघडला की त्यातून पाण्याची मरगळलेली धार खाली यायची. पावसाचा शॉवर म्हणून घेतलेला, पण पडायची ती वळचणीची पागोळी.

यात शॉवरची चूक नसते. घरातल्या पाण्याला दाब येतो तो उंचीतून. टाकी नळापेक्षा दहा मीटर वर असेल तर आमच्या भाषेत एक किलो दाब मिळतो. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला एक किलोच्या वर सहज मिळतं. चौथ्या मजल्यावर मात्र गच्चीवरच्या टाकीचा तळ शॉवरच्या तोंडापासून जेमतेम दोन मीटर वर. म्हणजे दाब पाव किलोसुद्धा नाही. आणि तसल्या मोठ्या शॉवरला अंगावर पाऊस पडल्यासारखं वाटायला किलो-दीड किलो लागतो. टाकीच्या अगदी जवळ राहणाऱ्यालाच पाणी सगळ्यात मंद, ही आपल्याकडच्या इमारतींची जुनी गंमत आहे. तिच्यावर उपाय म्हणजे टाकीतून निघणाऱ्या लाइनवर प्रेशर पंप. शॉवर सुरू केला की तो आपोआप चालू होतो, बंद केला की बंद.

मी अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप आणला. गच्चीवर टाकीच्या पूर्वेला लिफ्टसाठी म्हणून कधीतरी उभ्या केलेल्या भिंतीची सावली होती. ऊन-पावसापासून आडोसा मिळेल म्हणून पंप तिथे ठेवला. स्लॅबला चार भोकं पाडली, फास्टनर ठोकले, पंप त्यावर बसवला आणि मिस्त्रींना स्मरून आवळला. हलवून पाहिला तर तसूभर हलेना. पाइप सीपीव्हीसीचे, थेट पंपाच्या तोंडाला जोडलेले, दर दोन फुटांवर भिंतीला क्लॅम्प. एकही थेंब गळत नव्हता. तरुण खूश झाला. मी पैसे घेऊन घरी आलो.

आठ दिवसांनी आजींचा फोन आला. "अरे, तू आमच्या डोक्यावर काय आणून ठेवलंयस? रात्री दीड वाजता गिरणी चालू होते."

मी आधी ते मनावर घेतलं नाही. वयस्कर माणसांना झोप कमी, आवाज जास्त, असा आपला एक सोयीचा समज असतो. तरी गेलो. गच्चीवर उभा राहिलो आणि खालून शॉवर चालू करायला सांगितला. पंपाची मंद घुरघुर, एवढंच. दहा पावलं लांब गेलो तर रस्त्यावरच्या रिक्षांच्या आवाजात तीही ऐकू येईना. खोक्यावर 'सायलेंट' असं छापलेलं होतं, आणि गच्चीवर ते खोटं नव्हतं. मग तरुणाच्या घरात गेलो. तिथे शॉवरच्या पाण्याचाच आवाज एवढा, की पंपाचा पत्ता नाही. शेवटी आजींच्या झोपायच्या खोलीत गेलो.

तिथे तो आवाज होता. मोठा नव्हता, पण खोलीच्या सगळ्या बाजूंनी येत होता. कुठल्या कोपऱ्यातून ते बोट दाखवून सांगता येऊ नये असा. कपाटाची काच बारीक थरथरत होती. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीला हात लावला तर तळव्याला मुंग्या आल्यासारखं झालं. आम्ही मेकॅनिक लोक स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावतो आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवतो. आमचा स्टेथोस्कोप तोच. तो मी भिंतीला लावला. पंप गच्चीवर, भिंतीच्या बाहेर, आणि त्याचा गुंजारव मला आजींच्या भिंतीतून गच्चीपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू आला. मी सावली बघून जागा निवडली होती. त्या सावलीच्या बरोबर खाली कोणाची खोली आहे, हे पाहिलंच नव्हतं.

आजी मूळच्या मिरजेच्या. तिथे सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांची गल्लीच आहे, लहानपणी शाळेत जाता-येता त्यांनी ती कामं पाहिलेली. मला गोंधळलेला पाहून त्या म्हणाल्या, "नुसती तार दोन खिळ्यांत ताणून छेडली तर शेजारच्यालाही ऐकू येत नाही. भोपळ्यावर चढवली की दिवाणखाना भरतो. तुझी तार वर आहे, भोपळा माझं छत आहे."

ध्वनी-कंपनावर मी त्यानंतर जे काही वाचलं-ऐकलं, त्यात याहून नेमकं काही सापडलं नाही. पंपाचा आवाज घरात दोन वाटांनी येतो. एक हवेतून. ती वाट भिंत, खिडकी, दार अडवतं. दुसरी वाट लोखंड, काँक्रीट आणि पाइपमधून. तिला दार-खिडकीशी देणंघेणं नाही. स्लॅब थरथरतो आणि त्याचा चार-पाचशे चौरस फुटांचा पसारा लाउडस्पीकरच्या पडद्यासारखा हवेला ढकलतो. मी चार फास्टनर मारून तंबोऱ्याची तार भोपळ्यावर घट्ट चढवली होती. जितकं नीट आवळलं, तितकं ते वाजत होतं.

चूक कळली, पण दुरुस्ती लगेच जमली नाही. त्या दिवशी मी पंपाखाली पाच मिलिमीटर जाडीची काळी रबरशीट घातली आणि बोल्ट परत आवळले. आजी म्हणाल्या, काही फरक नाही. रबर मधे होतं खरं, पण बोल्ट त्याच्या आरपार जात होते. कंपनं रबराला वळसा घालून बोल्टमधून खाली उतरत होती. नदीवर बंधारा बांधायचा आणि शेजारून पाट काढून द्यायचा, तसं ते काम. म्हणून दुसऱ्या दिवशी बोल्ट काढूनच टाकले. पंप रबरावर नुसता ठेवला. आता नक्की जमलं, या खात्रीने खाली आलो. आजी दारातच उभ्या होत्या. "आधीचं बरं होतं," त्या म्हणाल्या. आणि खरंच आवाज वाढला होता.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त साहेब राहायचे, एका कारखान्यात मशिनरीचं काम पाहिलेले. जिन्यात माझा पडलेला चेहरा पाहून त्यांनी आत बोलावलं, चहा दिला आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने मला जे शिकवलं, ते आयटीआयच्या दोन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असेलही. तेव्हा माझं लक्ष नसेल.

ते म्हणाले, पंपाच्या पाटीवर फेरे किती लिहिलेत? मी म्हटलं, मिनिटाला २,८८०. म्हणजे सेकंदाला ४८. तो पंप सेकंदाला ४८ वेळा खालच्या वस्तूला ढुशी देतो. आता रबरावर ठेवलेला पंप म्हणजे झोपाळा. प्रत्येक झोपाळ्याचा स्वतःचा एक झोका असतो. त्याच लयीत पोराला बोटाने ढकललं तरी झोपाळा आभाळाला जातो. लयीच्या कितीतरी पट भरभर ढकललं तर झोपाळा जागच्या जागी राहतो. तुझ्या रबराचा झोका किती आहे ते तुला ठाऊक आहे का?

मला कुठून ठाऊक असणार. त्यांनी हिशेब सांगितला. वजन ठेवल्यावर रबर किती मिलिमीटर दबतं ते बघायचं. त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५.८ ला त्याने भागायचं. माझी शीट कडक आणि पंप नऊ किलोचा. ती दबली असेल जेमतेम एक दशांश मिलिमीटर. भागाकार आला ५०. पंपाच्या ढुशा ४८. "तू झोपाळ्याला बरोबर त्याच्या लयीत ढकलतोयस," साहेब म्हणाले. "आवाज वाढणार नाही तर काय होणार?"

उलट रबर एक मिलिमीटर दबलं तर झोका सोळाच्या आसपास येतो, म्हणजे ढुशांच्या एक तृतीयांश. तेवढं झालं की कागदावरच्या हिशेबाने खाली उतरणारं कंपन जेमतेम आठवा हिस्सा उरतं. एक दशांश मिलिमीटर आणि एक मिलिमीटर. एवढ्याशा फरकात एका म्हातारीची झोप अडकली होती.

मग मी रबर शोधत नाना पेठेत हिंडलो. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या त्या दुकानांतून इंजिनाखाली बसतात ती माउंटिंग आणली, कारण इंजिनाचा थरथराट जे रबर खातं ते पंपाचा सहज खाईल असं वाटलं. ती नऊ किलोखाली दबेचनात. इंजिनाचं वजन पेलायला केलेलं रबर माझ्या पंपाखाली दगडासारखं बसलं. मऊ स्पंज घेतला तर पंप त्यावर डोलायला लागला, आणि स्पंज उन्हापावसात सहा महिनेही टिकणार नाही हे दिसत होतं. हलक्या पंपाची पंचाईत हीच आहे. रबराला दाबायला त्याच्यात जीव नसतो.

उपाय साहेबांनीच सांगितला : पंप जड कर. मी दीड फूट बाय दीड फुटाची, दोन इंची दगडी लादी आणली. वजन सुमारे अठ्ठावीस किलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत खांद्यावर नेली आणि पुढचे जिने साहेबांनी हाक मारून बोलावलेल्या वॉचमनच्या मदतीने चढवली. पंप लादीला बोल्टने पक्का आवळला. इथे मिस्त्रींचा मंत्र चालला. लादीखाली चार कोपऱ्यांत नालीदार मऊ रबराचे दीड-दीड इंचाचे तुकडे, एकावर एक दोन थर. आधी मी मोठे तुकडे कापले होते. मोठ्या तुकड्यावर वजन पसरतं आणि तो दबत नाही, म्हणून ते बारीक केले. व्हर्नियरने मोजलं तर रबर मिलिमीटरपेक्षा थोडं जास्तच दबलं होतं. लादी सरकू नये म्हणून चारी बाजूंना लोखंडी अँगल लावले, पण लादी आणि अँगलमध्ये बोटभर फट ठेवून. ती फट ठेवताना माझा हात खरोखर अडखळला. वीस वर्षांची सवय होती ती.

लादीने दोन कामं केली. रबराला पुरेसं दाबलं, आणि पंपाला एकट्याने थरथरू दिलं नाही. आता त्याला हलायचं तर अठ्ठावीस किलो दगड सोबत घेऊन हलावं लागत होतं.

आजी म्हणाल्या, "रुपयातला दहा आणे गेला. सहा आणे आहे."

उरलेले सहा आणे पाइपमध्ये होते. पंप स्लॅबपासून सोडवला होता, पण त्याच्या दोन्ही तोंडांना घट्ट चिकटवलेले ताठ पाइप तसेच भिंतीला जखडलेले होते. दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाचे जाळीदार स्टीलचे लवचीक होज टाकले. पहिल्यांदा ते नीटनेटके, सरळ ताणून बसवले. दिसायला छान, उपयोग शून्य, कारण ताणलेला होज म्हणजे पुन्हा दांडाच. दुसऱ्यांदा लांब घेतले आणि कमानीसारखे ढिले सोडले. भिंतीवरचे पहिले तीन क्लॅम्प काढून आत रबर असलेले क्लॅम्प लावले. पाइप जिथे स्लॅबमधून खाली उतरत होता, तिथे गवंड्याने सिमेंट ठासून भरलं होतं. ते छन्नीने कोरलं, मोठ्या व्यासाचा पाइपचा तुकडा बाही म्हणून घातला आणि मधली पोकळी मऊ सीलंटने भरली.

एवढं करूनही एक बारीक झिणझिण उरलीच. तिने मला दोन संध्याकाळी छळलं. शेवटी सापडली ती विजेच्या पाइपात. वायरिंगवाल्याने मीटरपासून पंपापर्यंत ताठ पीव्हीसी पाइप आणून तो एका बाजूला पंपाच्या डबीत आणि दुसऱ्या बाजूला आजींच्या भिंतीत रोवला होता. माझं काम पाण्याचं, म्हणून माझी नजर पाण्याच्याच पाइपांवर. विजेचा पाइप आमच्या डोळ्यांना दिसतच नाही. शेवटचा फूटभर तुकडा लवचीक केला आणि झिणझिण थांबली. तेव्हापासून मी पंपाभोवती एक चक्कर मारतो आणि बोटावर मोजतो : पंपाला कोण कोण शिवलंय? पाय, पाणी आत येणारा पाइप, बाहेर जाणारा पाइप, वायर, झाकणाचा पत्रा. यातलं एक जरी घट्ट राहिलं तरी बाकी चार सैल केल्याचा फायदा निम्म्यावर येतो.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट मी उशिरा केली, ती खरं तर पहिल्या दिवशी करायला हवी होती. तरुणाला अजून पटलेलं नव्हतं. "काका, मला तर काहीच ऐकू येत नाही," तो वरचेवर म्हणायचा, आणि ते खरं होतं. त्याच्या नोकरीचे तास अमेरिकेच्या घड्याळावर. रात्री दीडला घरी यायचा आणि आंघोळ करून झोपायचा. काम अर्धवट झालेलं असतानाच एका संध्याकाळी मी त्याला आजींच्या खोलीत नेलं आणि त्याच्या बायकोला तिकडून शॉवर चालू करायला सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसला. अर्धा मिनिट काही बोलला नाही. मग उठून कपाटाच्या काचेला बोट लावून पाहिलं. माझं काम पुरं होईपर्यंत तो रात्री बादलीने आंघोळ करत होता, हे मला नंतर आजींकडून कळलं.

तक्रार करून काही झालं असतं का? भारतात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा. पण ती वस्तीतल्या परिसराच्या आवाजाची. आजींच्या खोलीत मी मोबाइलवर मोजलं तेव्हा आकडा चाळिशीच्याही खाली होता. मोबाइलचं माप काही पक्कं नसतं, पण ४५च्या वर तो नक्कीच नव्हता. तरीही त्या झोपू शकत नव्हत्या. एकसुरी, खर्जातला आवाज शांत रात्री अंगाला जाणवतो, आणि त्याची वेळ आपल्या हातात नसते याचा त्रास वेगळाच. तो आत्ता येईल, मग येईल, म्हणून माणूस तो नसतानाही जागा राहतो.

त्या कामानंतर पंपाच्या आवाजाच्या तक्रारी माझ्याकडेच यायला लागल्या, आणि प्रत्येक आवाजाची जात निराळी असते हे हळूहळू कानात बसलं. पंपात कोणी खडे भरलेत असा आवाज आला तर मी पंपाला हात लावण्याआधी टाकीकडचा पाइप बघतो. पंपाचं तोंड एक इंची आणि त्याला अर्ध्या इंचाचा पाइप जोडलेला, किंवा बोअरच्या पाण्याच्या क्षाराने जाळी बुजलेली, असं काहीतरी निघतं. पंपाला हवं तेवढं पाणी मिळत नाही, आत दाब इतका पडतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पंख्यावर जाऊन फुटतात. तोच खड्यांचा आवाज. तो केवळ त्रास नाही, महिनोन्महिने चालला तर पंखा खाल्ला जातो. लोक मात्र अशा वेळी पंपाखाली गादी घालतात.

शॉवर चालू असताना पंप टक-टक करत सारखा चालू-बंद होत असेल तर दोष बहुधा प्रेशर टाकीत असतो. तिच्या आत रबरी पिशवी असते आणि एका बाजूला हवा. हवा भरायचं तोंड मोटारसायकलच्या ट्यूबसारखंच. ती हवा वर्ष-दोन वर्षांत कमी होते. पंप बंद करून, लाइनमधलं पाणी सोडून, साध्या पायपंपाने ती भरता येते. पंप ज्या दाबाला चालू होतो त्यापेक्षा थोडीशी कमी ठेवायची. तोंडातून हवेऐवजी पाणी आलं तर पिशवी फाटली असं समजायचं. एका घरात पंप रात्रभर दर सात मिनिटांनी सेकंदभर चालू व्हायचा. घरच्यांनी भुताखेतापर्यंत गोष्ट नेली होती. कमोडच्या फ्लश टाकीचा वायसर गेला होता. केसाएवढी धार भांड्यात उतरत होती, दाब पडला की पंप जागा व्हायचा. दुरुस्ती एका वायसरची. तिथे मात्र आवळूनच काम झालं.

एका गृहस्थांनी तर पंपाला थर्मोकोलच्या खोक्यात बंद करून वर जुनी रजई बांधली होती. थर्मोकोल हलका, तो आवाज काय अडवणार. आवाज अडवायला वजन लागतं. पण हवा मात्र त्याने पुरती अडवली. मोटरचा पंखा स्वतःचीच गरम हवा ओढत राहिला, आणि चैत्रातल्या एका दुपारी वाइंडिंग जळालं. खोकं करायचंच तर जाड प्लायचं, पंपाला कुठेही न टेकणारं, हवा आत-बाहेर जायला वळणाची वाट ठेवलेलं. आणि तेही पाय, पाइप, वायर सोडवून झाल्यावर. पंप स्लॅबला जखडलेला असताना वरून झाकणं म्हणजे ढोल वाजवणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवण्यासारखं.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट मी आता आधीच सांगतो : लहान पंप घ्या. दुकानदार म्हणतो एक हॉर्सपॉवर न्या, जास्त बरं. एका बाथरूमच्या शॉवरला अर्धा पुष्कळ होतो. जास्त ताकद म्हणजे जास्त वेगाने धावणारं पाणी. मग कॉक झटकन बंद केला की धावतं पाणी एकदम अडतं आणि भिंतीतला पाइप हातोडा मारल्यासारखा ठणकतो. आणि पंप नेहमी टाकीनंतर लावायचा. महापालिकेच्या नळाला थेट पंप लावून पाणी ओढणं बेकायदा आहे आणि शेजाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवणंही. ते काम मी घेत नाही.

कोथरूडचा तो पंप अजून त्याच लादीवर आहे. दर पावसाळ्यानंतर मी जाऊन रबराचे तुकडे बघतो. उन्हाने ते कडक होतात, मग दबत नाहीत. दोनदा बदलले. आजी आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत. मी गेलो की विचारतात, "तार उतरवून ठेवलीस ना?" मी हो म्हणतो.

माझ्या कामात मात्र एक फरक पडला. पंप बसवून झाला, गळती तपासून झाली, शॉवरचं पाणी बघून गिऱ्हाईक खूश झालं, की पूर्वी मी बिल काढायचो. आता आधी बाजूच्या आणि खालच्या घराची बेल वाजवतो, दहा मिनिटं आत बसू द्या म्हणतो आणि वरून शॉवर चालू करायला सांगतो. काही जण हसतात, काही चहा देतात. तुमच्याकडे पंप बसवायला येणारा मिस्त्री हे करणार नसेल, तर तुम्ही करा. रात्री करा, रस्ता शांत झाल्यावर. आणि पैसे त्यानंतर द्या.